रास मोजताना ऐकू आलेला शब्द

आधीच सांगून टाकते, अशा गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नाही. या सदरातले अनुभव मी वसतिगृहात मैत्रिणींना मोठ्याने वाचून दाखवते आणि वाचून झालं की प्रत्येकाचं कारण शोधून काढते… वाऱ्याने कडी वाजली असेल, अंगात ताप असेल, म्हातारं माणूस होतं, त्याला भास झाला असेल. मैत्रिणी वैतागतात. म्हणतात, तुला घाबरायचं नसेल तर वाचतेस कशाला?

आता मीच लिहायला बसले आहे, आणि अडचण अशी की जे ऐकू आलं ते मला ऐकू आलंच नाही. मी तिथे होते, चार हातांवर बसले होते, कान शाबूत होते, तरी नाही. म्हणजे हा अनुभव माझा म्हणावा की माझ्या बाबांचा, इथूनच गोंधळ आहे. पण माझी आई आज जिवंत आहे, आणि ते का, हे नीट सांगता येत नसलं तरी कुठेतरी लिहून ठेवावंसं वाटतं. चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे लिहिलेलं तपासून द्यायलाही कुणी नाही.

आमचा पाडा जव्हार तालुक्यात, जामसरकडून आत. डांबरी रस्ता संपतो तिथून पायवाटेने वीसेक मिनिटं. घरं अकरा. आमच्या घराच्या मागे थोडी सपाट जागा आहे, तिथे दरवर्षी भात झोडायचं खळं करतात… जमीन चोपून, शेणाने सारवून. खळ्याच्या खालच्या बाजूला उतार, उतारावर साग आणि करवंदीची जाळी, आणि त्याच्याही खाली, वळणाआड, पाण्याचा झरा. खळ्यावरून झरा दिसत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गोष्ट मागच्या वर्षीची, दिवाळी होऊन गेल्यावरची. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते, शास्त्र शाखेला. कॉलेजात वादविवाद स्पर्धा ठरली, मोखाड्याकडची मुलंही येणार होती. विषय: ‘पुराव्याने देव सिद्ध होऊ शकतो का?’ मी आयुष्यात कधी माईकसमोर उभी राहिले नव्हते. सरांनी माझं नाव घेतलं तेव्हा मला वाटलं दुसरी कुणी असेल. बाजू मिळाली ‘होऊ शकत नाही’ ही. सर म्हणाले, “सोपी बाजू आहे असं समजू नकोस. आधी स्वतःशी ठरव, कसला पुरावा मिळाला तर तू मान्य करशील. ते ठरवता आलं नाही, तर तू वाद घालत नाहीस, हट्ट करतेस.”

मी वहीत लिहिलं: एकापेक्षा जास्त माणसांनी एकाच वेळी एकच गोष्ट ऐकली किंवा पाहिली, त्यांनी आधी आपसांत बोलणं केलेलं नसलं, आणि तपासून दुसरं कारण सापडलं नाही, तर मी विचार करीन. ‘मान्य करीन’ असं लिहिलं होतं, मग ते खोडून ‘विचार करीन’ केलं.

मग झोडणीसाठी चार दिवस घरी आले.

आमच्या घरी बाबा, आई, बाबांचा धाकटा भाऊ म्हणजे माझा काका, आणि काकू. बाबा कमी बोलतात. काका बाबांच्या वाटणीचंही बोलून टाकतो. मी खळं झाडत झाडत भाषण पाठ करत होते, तर तो टोपलीवर बसून ऐकत राहिला.

“कॉलेजात देवाचा पंचनामा करतात कं आता?”

“पंचनामा नाही काका. पुरावा असेल तरच मानायचं, असं म्हणणं आहे.”

“बरं. तुझा जन्म कधीचा?”

“एक जून.”

“कोणी सांगितलं?”

“दाखल्यावर आहे.”

काका इतका हसला की टोपली कलंडली. “अख्ख्या पाड्याचा जन्म एक जूनचा! मी एक जून, तुझा बाबा एक जून, पलीकडची म्हातारी एक जून. गुरुजींना विचारायला वेळ नव्हता, त्यांनी लिवला. तू झालीस तेव्हा भात कापणीला आला होता. आता सांग, पुरावा हाय आन तो खोटा. तू मात्र खरी हायस. मग पुराव्याचं काय लोणचं घालू?”

काकू भात पाखडत होती, ती म्हणाली, “पोरीला छळू नका. तिला बक्षीस मिळालं तर वाटणी मागायला पहिले तुम्हीच जाल.”

आईने माझ्या हातातला झाडू घेतला आणि मी सोडलेला कोपरा झाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रास मोजायची होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. झोडून, वारवून झालेला भात खळ्याच्या मध्ये ढीग करतात, ती रास. राशीवर झेंडूचं फूल आणि विळा ठेवतात, कुंकू लावतात. कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी, ती त्या वेळी राशीत बसलेली असते असं मानतात. बाबा पायलीने भात मोजून गोणीत घालतात, आणि मोजणी सुरू झाल्यापासून संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. हसायचं नाही, खोकला आला तर तोंडात फडकं धरायचं, जागेवरून उठायचं नाही. बोललं की कणसरी उठून जाते, आणि भात पुरत नाही. मी लहान असताना एकदा मध्येच “बाबा, मुंगी चावली” असं म्हणाले होते. त्या वर्षी भात खरंच लवकर संपला, आणि काका अजून तो दोष माझ्या नावावर टाकतो.

मी त्या सकाळी गप्प बसणार होते ते देवीसाठी नाही. बाबांसाठी.

ऊन वर आलं होतं, नऊ-साडेनऊ झाले असतील. आई हंडा घेऊन झऱ्यावर निघाली. “तुम्ही बसा, मी आलेच,” असं म्हणाली. बाबांनी राशीला हात जोडले आणि पहिली पायली भरली. काकू गोणीचं तोंड धरून समोर बसली. काका भरलेली गोणी ओढायला मागे. मी एका बाजूला, सांडलेले दाणे सुपात गोळा करायला.

पायली भरते, वरून हाताने सपाट होते, गोणीत रिकामी होते. तेवढाच आवाज. पहिली गोणी झाली. दुसरी लागली. मला वाटलं, आई अजून कशी नाही आली? झऱ्यावर जाऊन यायला पंधरा मिनिटं लागतात. वाटलं, धुणं नेलं असेल. थोड्या वेळाने परत वाटलं. मग तिसऱ्यांदा वाटलं, आणि तेव्हा मी काकूकडे पाहिलं. काकूनेही उताराकडे एकदा बघितलं होतं, हे मला दिसलं. पण कुणी विचारलं नाही. बोलायचं नव्हतं ना.

एरवी आमच्या घरात कुणाला पाच मिनिटं उशीर झाला तरी चार जण हाका मारतात. त्या दिवशी चारही जण तोंड मिटून बसलो होतो. आणि मी, जी वहीत मोठमोठं लिहून आले होते, तीही. एवढं लिहिताना मला अजून लाज वाटते.

तिसरी गोणी अर्धी झाली असेल. बाबांनी पायली राशीत घातली आणि हात तसाच थांबला. त्यांनी मान वर केली. मग पायली राशीतच सोडली आणि ते उभे राहिले.

मोजणी चालू असताना बाबांना उठलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. काकाने डोळे मोठे करून हाताने खूण केली, बस, बस. बाबांनी मोठ्याने विचारलं, “पोरीची आय कुठं हाय?”

खळ्यावर. राशीसमोर. मोठ्याने.

आणि उत्तराची वाट न बघता ते उतारावरून पळत सुटले. मग काका, मग मी. काकू ओरडली, “अहो काय झालं?” पण ते आम्हालाही माहीत नव्हतं.

आई झऱ्याच्या वरच्या वाटेवर, करवंदीच्या जाळीला टेकून बसली होती. हंडा खाली पडलेला. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, उघडायला बघत होती पण उघडत नव्हत्या. तोंडातून लाळ येत होती. उजव्या पायाच्या घोट्याजवळ सूज आणि दोन ठिपके. बाबांना बघून तिने हात थोडा उचलला. शब्द नाही. जीभ हलत होती, आवाज निघत नव्हता.

काका म्हणाला, “नागच असणार. विष उतरवायला भगताला बोलवू?”

बाबा म्हणाले, “आधी गाडी. भगत मागून.”

काका खांद्यावरच्या फडक्याने पाय करकचून बांधायला निघाला, मी त्याचा हात धरला. शाळेत शिकवलं होतं, आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, पाय हलू द्यायचा नाही. काकाने एकदा बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, “ती सांगते तसं कर.” माझ्या शिक्षणाचं मोल कुणी विचारलं तर मी त्या चार शब्दांचं सांगेन.

मी नेटवर्कसाठी वर टेकाडावर पळाले आणि जीपवाल्या भाऊंना फोन लावला. ते जव्हारच्या फेरीला प्रवासी भरत होते. माझं बोलणं पुरं होण्याआधी त्यांनी भरलेली जीप रिकामी करायला घेतली, मला फोनवर त्यांचा आवाज ऐकू येत होता, “उतरा उतरा, बाई माणसाला पान लागलंय.” साप चावला असं आमच्याकडे तोंडाने म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. एक माणूस कुरकुरला नाही. शेजारच्या दोघांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली, आणि आईला घेऊन चौघे त्या पायवाटेने जवळजवळ धावत गेले.

जव्हारला सरकारी दवाखान्यात डॉक्टर बाईंनी बघताक्षणी इंजेक्शनं सुरू केली. आईचा श्वास मध्ये फार उथळ झाला, तेव्हा त्यांनी तोंडावर ती हाताने दाबायची पिशवी लावली आणि नर्ससोबत आळीपाळीने दाबत राहिल्या. बाबा दाराजवळ उभे होते, पायांना भात चिकटलेला. संध्याकाळी डॉक्टर बाई म्हणाल्या, “वेळेत आणलंत. अजून अर्धा तास उशीर झाला असता तर मी काही सांगू शकले नसते.” तिसऱ्या दिवशी आईने डोळे पूर्ण उघडले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या ओट्यावर चहा पिताना मी बाबांना विचारलं, तुम्ही उठलात कसे?

बाबांनी कप ओट्यावर ठेवला. “कोणीतरी ‘उठ’ म्हणालं.”

“कोण? आई?”

“बाईचा आवाज. तुझ्या आयचा नाय. तिचा असता तर मी वळून बघितलं असतं. हा आवाज… म्हणजे आपल्याला उठायलाच लागतं असा.”

“कुठून आला?”

“राशीकडनं,” ते म्हणाले. मग लगेच, “मला तसं वाटलं. लिहून नको ठेवू.”

मी लिहून ठेवलं. माफ करा बाबा.

आईला बोलता येऊ लागलं तेव्हा पहिल्यांदा मी हेच विचारलं, तू हाक मारलीस का? ती म्हणाली, “मारायची होती गं. तोंडच उघडंना. मनात मारत होते.” पुढे म्हणाली, “तुलाच मारत होते. तुझे बाबा मोजत असतील, त्यांना कशाला उठवू, असं वाटलं.”

मी मोजणी संपायची वाट बघत खळ्यावर बसले होते, त्या वेळी ती मला हाक मारत होती. हे ऐकून मी बाहेर जाऊन रडले.

चौथ्या दिवशी कपडे आणायला घरी गेले. काकू घरीच होती, दवाखान्यात आलीच नव्हती. तिला मी मुद्दाम आडवळणाने विचारलं, त्या दिवशी काही वेगळं जाणवलं का? काकू म्हणाली, “मला कोणी उठ म्हणालं. मला वाटलं मलाच म्हणते, म्हणून मी गोणी सोडणार होते. तेवढ्यात तुझा बाबा उठला.”

“कुणाचा आवाज?”

“तुझ्या आयचा. दुसरा कोणाचा असणार?”

काकाला काहीच ऐकू आलं नव्हतं. मलाही नाही.

आता तुम्ही म्हणाल, काकूला हे बाबांकडून कळलं असेल. मीही तेच म्हटलं. बाबा घरी आले नव्हते, पण काका मधल्या एका दिवशी घरी जाऊन आला होता. तो शपथ घेऊन सांगतो की दादा त्याला काही बोलला नव्हता आणि तो काकूला काही बोलला नाही. पण काका आणि न बोलणं… तुम्ही ओळखत नाही त्याला. तेव्हा ही फट राहतेच, ती मी बुजवणार नाही.

मी आणखी एक केलं. काकूला झऱ्याच्या त्या जागेवर उभं केलं आणि स्वतः खळ्यावर बसले. तिला सांगितलं, पूर्ण जीव लावून ओरड. वेळ तीच, सकाळची. काही ऐकू आलं नाही. वारा फिरल्यावर दुसऱ्यांदा केलं. तेव्हाही नाही. काकू वर आली ती घसा धरून, “तुझ्या कॉलेजच्या नादात रानातली माकडं पण उठली असतील. तुला सोडून सगळ्यांना ऐकू गेलं!” म्हणजे आईने खरंच हाक मारली असेल आणि ती विसरली असेल, तरी ती खळ्यापर्यंत पोचत नाही.

मग उरलं काय? बाबांच्या मनात माझ्यासारखीच काळजी आली असेल आणि मनानेच तिला आवाज दिला असेल. हे मला पटतं. पण मग काकूचं काय, आणि तोच एक शब्द कसा… इथे येऊन मी थांबते.

स्पर्धा त्यानंतर पंधरा दिवसांनी झाली. मी सरांना विचारलं, बाजू बदलू का? ते म्हणाले, “बदलावीशी वाटते का?” मी खरं सांगितलं, नाही. माझ्याकडे दोन साक्षीदार होते, वहीतली अट जवळजवळ पुरी झाली होती, तरी मला ‘सिद्ध झालं’ असं म्हणवत नव्हतं. मी माईकसमोर हे सगळं जसं घडलं तसं सांगितलं, एक जूनसकट. काकाचा मुद्दा मी उलटा केला, की जसा खोटा कागद असूनही मी खरी, तसा खऱ्या गोष्टीला दरवेळी कागद लागतोच असं नाही, आणि म्हणून कागद दाखवून देव सिद्ध करायला जाऊ नये. बोलता बोलता घंटा झाली आणि माझा शेवट राहून गेला.

मोखाड्याच्या एका मुलीने प्रश्न विचारला, “मग तुमची आई वाचली, ते कुणामुळे?”

मी म्हटलं, “जीपवाल्या भाऊंमुळे. डॉक्टर बाईंमुळे. झोळी उचलणाऱ्यांमुळे. आणि बाबा उठले म्हणून.”

“आणि बाबा कुणामुळे उठले?”

मी म्हटलं, “ते मला माहीत नाही.” कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नंबर आला नाही. पण ती मुलगी नंतर चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन बसली आणि आईची चौकशी करत राहिली.

आई घरी आल्यावर बाबांनी खळ्यावर एक कोंबडा आणि नारळ दिला. राशीतला उरलेला भात त्यांनी मोजलाच नाही, तसाच कणगीत भरला. काका म्हणाला, “दादा, आभाराचा हाय ना हा कोंबडा? कणसरीनंच उठवलं तुला.”

“माफीचा हाय,” बाबा म्हणाले. “मोजणी मोडली मी.”

“अरे, तिनंच उठ म्हटलं, तर माफी कसली?”

“तिनं म्हटलं असेल तर आभाराचा. दुसऱ्या कोणी म्हटलं असेल, नाहीतर माझंच डोकं फिरलं असेल, तर माफीचा. मला नाय माहीत. म्हणून दोन्हीला एकच दिला.”

मी पंधरा दिवस वहीची पानं भरून जिथे पोचू शकले नव्हते, तिथे बाबा, ज्यांना सही करण्यापुरतं लिहिता येतं, एका वाक्यात जाऊन बसले होते. आपल्याला माहीत नाही, एवढं कबूल करूनही हात जोडता येतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी बाबांच्या शेजारी उभी राहून हात जोडले. कुणाला, ते आजही विचारू नका.

यंदाची रास गेल्या आठवड्यात मोजली. आईच्या डाव्या पापणीत अजून थोडं जडपण आहे, दमली की ती खाली येते. बाकी ती ठणठणीत आहे. बाबांनी पायली हातात घेतली आणि मग खाली ठेवली. आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. “सगळी आली कं?” असं मोठ्याने विचारलं. हे आमच्याकडे यापूर्वी कधी कुणी विचारलेलं नाही. आई पदर खोचत येऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, “आले की. करा आता सुरू, उन्हाचं बसवत नाय.”

मग सगळे गप्प झाले. मी अगदी कान देऊन ऐकत होते. गोणीत भात पडत होता, आणि माझ्या खांद्याला लागून आईचा श्वास चालू होता. दुसरं काही ऐकू आलं नाही. कुणाला कारण सुचलं तर जरूर लिहा, मी तपासून बघेन. मला मात्र अजून सापडलेलं नाही.